ओटीपी तुझ्या फोनवर आणि तू ऑपरेशन थिएटरच्या बाहेर

पत्र: "ताई, मी नाशिकला सातपूर एमआयडीसीत एका प्रेस पार्ट्सच्या कंपनीत अकाउंट्स बघते, १४ वर्षं झाली. हाताखाली दोघं आहेत, एक मुलगा एक मुलगी, दोघं बीकॉम. मालक म्हणतात कामं वाटून दे. मी देते पण ते चुका करतात. जीएसटीचं टू-बी मॅचिंग, म्हणजे सप्लायरांनी पोर्टलवर टाकलेली बिलं आपल्या बिलांशी जुळवणं, मुलाला दिलं होतं, १९ तारखेला उघडून बघितलं तर अर्धं चुकलेलं, मग रात्री बसून मीच केलं. नेहमीचंच झालंय हे. गेल्या महिन्यात सासऱ्यांची बायपास होती तेव्हा हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये बसून फोनवर पगाराचे ओटीपी सांगत होते. नवरा काही बोलला नाही, नुसता बघत होता. माझं काय चुकतंय, की पोरंच कामाची नाहीत? – दमलेली, नाशिक"

अगं दमलेले,

आधी त्या ओटीपीचं बघू, बाकीचं नंतर. फोनवर ओटीपी सांगणं म्हणजे काम सोपवणं नव्हे, तो नुसता धोका आहे, उद्या काही उलटसुलट झालं तर नाव तुझंच येणार. करंट अकाउंटच्या नेट बँकिंगला मेकर-चेकरची सोय असते, एकाने पेमेंट भरायचं, दुसऱ्याने पास करायचं. मेकर त्या मुलाला कर, पास करायला तू आणि तू नसशील तेव्हा मालक किंवा दुसरे डायरेक्टर. बँकेचा फॉर्म आणि बोर्डाचा ठराव लागेल, तेवढं या आठवड्यात कर, पुढच्या नाही.

आता टू-बी. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मला त्या पोराची दया आली, राग नको मानूस. टू-बी येतं १४ तारखेला, थ्री-बी, म्हणजे महिन्याचं टॅक्सचं रिटर्न, भरायचं २० ला. म्हणजे १४ ला दिलंस आणि १९ ला उघडलंस, मधले पाच दिवस तो एकटा. आणि चुकलं काय असेल ते मी इथे बसून सांगते. तुमच्या टॅलीत बिल नंबर असणार ४५, पोर्टलवर सप्लायरने टाकलेलं असणार ०४५ आणि पुढे वर्ष, आणि ह्याने ते 'पोर्टलवर नाही' मध्ये टाकलं. नाहीतर अंबडचे जॉबवर्कवाले, जे तिमाही रिटर्न भरतात, ज्यांची बिलं मधल्या महिन्यात टाकली नाहीत तर तिमाही संपल्यावरच दिसतात, त्यांना ह्याने फोन करून 'तुमचं बिल का दिसत नाही' म्हणून झापलं असेल आणि ते तुला फोन करून ओरडले असतील. बरोबर ना? कोण नंबर कसा लिहितो, कोण महिन्याचं भरतो आणि कोण तिमाहीचं, हे तुला पाठ आहे गं, १४ वर्षं झालीत. त्याला कुणी सांगितलं?

तू म्हणशील मी दाखवलं होतं. दाखवलं असशील, पण माऊस कुणाच्या हातात होता? आपण काय करतो, आपल्या मशीनवर धडाधड चार शॉर्टकट मारतो आणि म्हणतो कळ्ळं ना, आणि तो मान हलवतो कारण मॅडमला नाही कसं म्हणायचं. या वेळी तासभर त्याच्या खुर्चीशेजारी बस, माऊस त्याच्याकडे, तू हात मांडीवर ठेवायचे. (हे सगळ्यात अवघड आहे, मला माहितीये.) सप्लायरांची वही त्यालाच बनवू दे, त्याच्या अक्षरात. बघायची तारीख १६, संध्याकाळी पाच, तेव्हा अर्धंच झालेलं असलं तरी बघायचं. आणि सप्लायरांना सांगून टाक की टू-बीचं आता हा बघतो, फोन त्यालाच करा. नाहीतर काम त्याच्याकडे आणि फोन तुझ्याकडे, म्हणजे तू त्याचे फक्त हात मागून घेतलेस, काम दिलंच नाहीस.

दुसरं, आणि मला वाटतं खरी गोम इथेच आहे. तू रात्री बसून दुरुस्त करतेस. सकाळी तो येतो, रिटर्न गेलेलं असतं, कुणी काही बोलत नाही. म्हणजे त्याच्या दृष्टीने वर्षभर त्याचं काम बरोबरच चाललंय! चूक दिसली की खूण करून त्याच्याकडे परत पाठव, 'ह्या सात ओळी परत बघ', एवढंच, उत्तर सांगू नकोस. वेळ जाईल, पहिले दोन महिने तुझ्यापेक्षा दुप्पट जाईल. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना एडिट लॉगवालं सॉफ्टवेअर सक्तीचं आहे, त्यामुळे कुणी कुठली एंट्री कधी बदलली ते दिसतं, तेव्हा 'मला न कळता काहीतरी करून ठेवतील' ही भीती सोड. उलट एकदा तो लॉग उघडून बघच, रात्री साडेनऊला कुणाचं नाव दिसतं ते.

मुलीबद्दल तू एक ओळ पण लिहिली नाहीस, म्हणजे ती बहुतेक फायलिंग आणि झेरॉक्सवर आहे. तिला पीएफ-ईएसआयसी पूर्ण दे, १५ तारखेचं, चलन बनवण्यापासून भरलेली पावती मालकांच्या टेबलावर ठेवेपर्यंत. ७ तारखेचा टीडीएस तिने काढायचा, तू बघायचा. इन्क्रिमेंटची फाईल आणि रिटर्न जाण्याआधीची शेवटची नजर तुझ्याकडे ठेव, ते दे म्हणत नाहीये मी. आणि हे सगळं मार्चमध्ये सुरू करू नकोस, मार्चमध्ये कुणी कुणाला काही शिकवत नसतं.

आता माझं सांगते, म्हणजे तुला वाटायला नको की ही बाई शहाणपणा शिकवतेय. मी बँकेत होते, कॉम्प्युटर यायच्या आधीची गोष्ट, लेजर आणि पेन्सिलीचा काळ. सस्पेन्स खात्यातल्या, म्हणजे न जुळलेल्या रकमा तात्पुरत्या ठेवायच्या खात्यातल्या, कुठल्या रकमेचं काय प्रकरण आहे ते मी माझ्या डायरीत लिहायचे, डायरी माझ्या पर्समध्ये. ऐन सहामाहीच्या क्लोजिंगला मला कावीळ झाली, तीन आठवडे झोपून. परत गेले तर शिपाईमामा म्हणाले, मॅडम तुम्ही नव्हता, रात्री अकरा-अकरापर्यंत बसले सगळे, फरक सापडेना. आणि खरं सांगू? मला इतकं गोड वाटलं! दिवसभर तरंगत होते. माझ्या शेजारची क्लार्क, हुशार मुलगी, तिने त्या आठवड्यात बदलीचा अर्ज टाकला होता ते मला महिन्याने कळलं. 'दोन वर्षं इथे बसून मला काही शिकायला मिळालं नाही' असं म्हणाली म्हणे.

ते गोड वाटणं तुलाही होतं का बघ. 'तुझ्याशिवाय पान हलत नाही' म्हणतात तेव्हा थकवा कुठे जातो कळत नाही ना?

बँकांमध्ये आता नियमच आहे, नाजूक जागेवरच्या माणसाला वर्षातून एकदा न सांगता सलग किमान १० कामाचे दिवस रजेवर पाठवायचं, रिझर्व्ह बँकेने घालून दिलेला, आणि त्या दिवसांत कामाच्या सिस्टीमला हात लावायचा नाही. ते घोटाळे पकडायला असतं, पण कुठली गोष्ट एकाच माणसाच्या डोक्यात अडकलीये हेही त्यात आपोआप उघडं पडतं. तुमच्या कंपनीत १० दिवस कुणी देणार नाही, तू तीन घे.

त्याआधी मालकांशी मात्र बोल. वाटून दे म्हणणारे तेच आणि रात्री आठला 'पीएफ भरला का' विचारायला फोन तुलाच करणारेही तेच असणार. त्यांना सांग की पीएफचं तिला विचारा, टू-बीचं त्याला, मी मध्ये नाही. एखादा उशीर झालाच तर थ्री-बीला दिवसाला ५० रुपये लेट फी आणि टॅक्सवर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज, हा आकडा त्यांना आधीच सांगून ठेव, म्हणजे तेव्हा आरडाओरडा नको. आणि पोरांचं काम वाढतंय तर पगाराचंही काढ, तू नाही काढणार तर कोण काढणार.

थ्री-बी गेलं की २१, २२, २३ रजा टाक. फोन सासऱ्यांच्या औषधांच्या डब्यात ठेव, जेवणाच्या वेळेलाच हात जाईल. दोघांना सांगून जा की जे अडेल ते वहीत लिहा, मला विचारू नका. २४ ला ती वही घेऊन बस, पुढच्या महिन्यात काय शिकवायचं ते त्यात आयतं लिहिलेलं असेल. मलाही फोटो पाठव त्या पानाचा. आणि त्यात काहीच लिहिलेलं नसलं तर तुला कसं वाटलं, ते आधी कळव.

– ताई