पांडाजमध्ये ड्रॉप केलेली नोंद मल्टीइंडेक्सच्या लेव्हल्समध्ये दिसतच राहते, मग टेस्ट कशी लिहायची?

तुमचा प्रश्न मला असा समजला: पांडाज (पायथनमधली टेबलं हाताळायची लायब्ररी) वापरून केलेल्या टेबलला दोन स्तरांचा इंडेक्स, म्हणजे प्रत्येक ओळीची ओळख सांगणाऱ्या नावांची जोडी आहे; यालाच मल्टीइंडेक्स म्हणतात. त्यातून ठरावीक नोंदी ड्रॉप या मेथडने काढणारं फंक्शन तुम्ही लिहिलंत आणि ओळी बरोबर गेल्या. पण टेस्टमध्ये इंडेक्सच्या लेव्हल्स तपासल्या, तर काढलेलं नाव अजून तिथेच आहे आणि टेस्ट फेल होते. मग चूक फंक्शनची की टेस्टची?

फंक्शन ठीक आहे, टेस्ट भलत्या जागी बघते आहे. पण एवढं सांगून थांबवत नाही, कारण तुम्ही जिथे अडलात तिथूनच ड्रॉपच्या टेस्टमधल्या खऱ्या अडचणी सुरू होतात.

मल्टीइंडेक्स आतून दोन भागांत साठवलेला असतो. प्रत्येक स्तरासाठी वेगवेगळ्या नावांची एक यादी असते, ती लेव्हल्स. आणि प्रत्येक ओळीसाठी त्या यादीतला क्रमांक असतो, ते कोड्स. (2019 मध्ये आलेल्या 0.24 आवृत्तीच्या आधी कोड्सना लेबल्स म्हणत. जुनी उत्तरं वाचताना हे लक्षात असू द्या.) समजा पहिला स्तर ‘यंत्र’ आहे, त्यात क, ख, ग. दुसरा ‘पाळी’, त्यात सकाळ आणि रात्र. अशा सहा ओळी. ख काढलं की त्याच्या दोन ओळींचे कोड्स जातात, चार ओळी उरतात. आता यादीतूनही ख पुसायचं ठरवलं, तर ग चा क्रमांक 2 वरून 1 करावा लागेल, म्हणजे उरलेल्या ओळींचे कोड्स पुन्हा लिहिणं आलं. टेबल मोठं असेल तर दर वेळी हे करणं महागात पडतं, म्हणून पांडाज यादीला हात लावत नाही. हे मुद्दाम ठेवलेलं वर्तन आहे, बग नाही.

त्यामुळे ‘नोंद गेली का’ हे लेव्हल्सना विचारू नका. गेट-लेव्हल-व्हॅल्यूज वापरा, किंवा युनिक या मेथडला स्तराचं नाव द्या. दोन्ही जागी प्रत्यक्षात उरलेलीच नावं मिळतात. तुमच्या फंक्शनने यादीही स्वच्छ ठेवायला हवी असेल, तर शेवटी रिमूव्ह-अनयूज्ड-लेव्हल्स चालवा. ही मेथड 2017 च्या 0.20 आवृत्तीपासून आहे. मात्र इथे एक खाच आहे. दोन इंडेक्स सारखे आहेत का हे तपासणारं पांडाजचं असर्ट-इंडेक्स-इक्वल दिसणाऱ्या नोंदींची तुलना करतं. न वापरलेली नावं यादीत पडून असलेला इंडेक्स आणि स्वच्छ केलेला इंडेक्स त्याच्या लेखी सारखेच. म्हणजे कुणी उद्या ती स्वच्छतेची ओळ उडवली, तरी ही टेस्ट पासच होत राहील. स्वच्छ यादी हे तुमच्या फंक्शनचं वचन असेल, तर लेव्हल्सची यादी वेगळ्या असर्टने (अट खोटी निघाली तर टेस्ट फेल करणाऱ्या ओळीने) तपासायलाच हवी.

आता माझं मुख्य म्हणणं. बाहेरून ड्रॉप ही एकच मेथड दिसते, पण आत तिच्या अनेक वाटा आहेत आणि त्या सगळ्या सारख्या वागत नाहीत. एकाच वाटेवर वीस उदाहरणं लिहिण्यापेक्षा प्रत्येक वाटेवर एक नेमकं उदाहरण लिहिलेलं मला जास्त मोलाचं वाटतं.

पहिला फाटा फुटतो तो तुम्ही काय काढायला सांगता यावर. टपल (कंसात एकत्र बांधलेल्या किमती) दिला, (ख, रात्र), तर ती एक पूर्ण नोंद. नुसतं ख दिलं तर पहिल्या स्तरावरच्या ख खालच्या सगळ्या ओळी. लेव्हलचं नाव देऊन रात्र म्हटलं, तर प्रत्येक यंत्राची रात्रपाळी. टपल आणि लिस्ट यांतला फरक तर हमखास चकवतो: (ख, रात्र) हा टपल एका नोंदीचा पत्ता आहे, पण तीच दोन नावं लिस्टमध्ये घातली की त्या दोन स्वतंत्र मागण्या होतात. लेव्हल न सांगता दिलेल्या लिस्टमधलं ‘रात्र’ पहिल्या स्तरात शोधलं जातं, तिथे ते नसतं, आणि की-एरर (मागितलेलं नाव सापडलं नाही असं सांगणारा एरर) येतो. तुमच्या फंक्शनला बाहेरून लिस्ट येणार असेल, तर ही टेस्ट सर्वात आधी लिहा.

दुसरा फाटा एररचा, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित. नसलेली नोंद काढायला सांगितली तर की-एरर यायला हवा, आणि ड्रॉपच्या एरर्स या पर्यायाला इग्नोर दिलं तर टेबल जसंच्या तसं परत यायला हवं, इतपत बहुतेक जण तपासतात. पण एकदा काढलेली नोंद पुन्हा काढायला सांगा. सहा ओळींच्या टेबलमधून ख काढा आणि मग लेव्हलचं नाव देऊन परत ख काढायला सांगा. एरर येत नाही! कारण लेव्हल दिल्यावर नाव आहे की नाही हे लेव्हल्सच्या यादीत पाहिलं जातं, आणि आपण वर बघितलं तसं ख त्या यादीत अजून आहे. लेव्हल न देता ख काढायला गेलात तर प्रत्यक्ष कोड्स बघितले जातात आणि रीतसर की-एरर येतो. मध्ये रिमूव्ह-अनयूज्ड-लेव्हल्स चालवलं, तर लेव्हल देऊनही एरर येतो. तुमचा कोड एररवर विसंबून काही ठरवत असेल (नसलेलं नाव आलं तर वापरणाऱ्याला कळवायचं, असं काही), तर हा फरक टेस्टमध्ये बांधून ठेवा. तुमच्याकडे असलेल्या आवृत्तीत तो चालवून बघा आणि मगच अपेक्षित उत्तर लिहा.

तिसरा फाटा इंडेक्समध्ये दुबार नोंदी आहेत की नाहीत यावर. टेबलवर ड्रॉप बोलावलं की आत आधी इंडेक्स युनिक आहे का ते पाहिलं जातं. युनिक असेल तर इंडेक्सचं स्वतःचं ड्रॉप चालतं, नसेल तर चाळणी लावून ओळी गाळल्या जातात. लेव्हल देऊन दोन नावं काढायला सांगा, त्यातलं एक अस्तित्वात नसलेलं. युनिक इंडेक्सवर एरर येतो. दुबार नोंदींच्या इंडेक्सवर मात्र एकही ओळ गळली नाही तरच एरर येतो, म्हणजे एक नाव सापडलं की दुसऱ्याची उणीव झाकली जाते. म्हणून प्रत्येक टेस्टचा डेटा दोन रूपांत ठेवा, एक युनिक आणि एकात मुद्दाम दुबार केलेली ओळ. पायटेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या साधनाच्या पॅरामेट्राइजने (एकच टेस्ट वेगवेगळ्या डेटावर चालवायची सोय) हे एका ओळीत होतं.

चौथा फाटा रिकाम्या किमतींचा, म्हणजे नॅनचा. नॅन लेव्हल्सच्या यादीत नसतंच, त्याचा कोड उणे 1 असतो. आणि यादीत न सापडलेल्या नावासाठी आतली शोधमेथडही उणे 1 च परत देते. हे दोन उणे 1 एकमेकांत मिसळले तर काय होईल? अस्तित्वात नसलेलं नाव काढायला सांगितलं आणि नॅन असलेल्या ओळी उडाल्या. जुन्या आवृत्त्यांत नेमका हाच दोष होता आणि पुढे तो दुरुस्त झाला. तरीही ही टेस्ट मी प्रत्येक ठिकाणी लिहितो: इंडेक्समध्ये एक नॅन, एरर्स इग्नोर, काढायचं नाव भलतंच, आणि अपेक्षा ही की एकही ओळ हलता कामा नये. डेटा गुपचूप नाहीसा होणं हा सगळ्यात वाईट प्रकारचा दोष, कारण तो कुणाला ओरडून सांगत नाही. जोडीला उलटीही टेस्ट हवी: नॅनच काढायला सांगितलं तर फक्त त्याच ओळी जाव्यात.

क्रमाबद्दल थोडक्यात. इंडेक्सचा पहिलाच स्तर क्रमाने लावलेला नसेल आणि लेव्हल न देता नुसतं ख काढलं, तर पांडाज परफॉर्मन्स-वॉर्निंग (काम संथ होऊ शकतं असा इशारा) देतं. निकाल बरोबरच असतो. तुमच्या प्रकल्पात वॉर्निंगला एरर मानलं जात असेल, तर ओळींचा क्रम विस्कटलेली एक टेस्ट आजच लिहून टाका.

आता बरोबर उत्तर ठरवायचं कसं? ज्या ड्रॉपची परीक्षा घ्यायची, त्याच ड्रॉपने अपेक्षित उत्तर तयार करू नका. इंडेक्सचं साध्या टपलच्या लिस्टमध्ये रूपांतर करा, नको असलेले टपल पायथनच्या साध्या लूपने गाळा, आणि उरलेली लिस्ट निकालाच्या लिस्टशी ताडून पहा. ही पद्धत संथ आहे, पण तिच्यात लेव्हल्स, कोड्स वगैरे काहीच नसल्याने तिची चूक आणि पांडाजची चूक एकाच ठिकाणी पडायची शक्यता कमी. (नॅन स्वतःशीही बरोबर नसतो, तेव्हा तुलनेआधी त्याच्या जागी एखादी खूणगाठीची किंमत घाला.) प्रत्येक ओळीच्या स्तंभात वेगळी संख्या ठेवा. सगळीकडे शून्य भरलं, तर इंडेक्स बरोबर पण ओळींचा डेटा भलत्याच नोंदीला चिकटलेला, अशी चूक दिसणारच नाही.

असा स्वतंत्र तपासनीस हाताशी असला की हायपोथेसिस लायब्ररी जोडणं सोपं जातं. ती यादृच्छिक टपल तयार करून देते आणि टेस्ट फेल झाली तर सर्वात छोटं उदाहरण शोधून पुढ्यात ठेवते. नावांचा साठा मात्र लहान ठेवा, तीन-चार अक्षरं पुरेत. साठा मोठा ठेवलात तर दुबार नोंदी आणि सापडणारी नावं क्वचितच येतील आणि सगळी मेहनत एकाच सोप्या वाटेवर खर्ची पडेल.

बारीकसारीक पण विसरू नयेत अशा गोष्टी: ड्रॉपनंतर स्तरांची नावं टिकली का, मूळ टेबल अबाधित राहिलं का, रिकामी लिस्ट दिली तर काही बदलत नाही ना. सगळ्याच नोंदी काढल्या तर उरलेला रिकामा इंडेक्सही दोन स्तरांचाच हवा, त्याच नावांसह. पुढचा कोड स्तराच्या नावाने काही मागत असेल, तर तो इथेच कोसळतो. स्तरच काढायचा असेल तर ती वेगळी मेथड, ड्रॉपलेव्हल, तिच्या टेस्ट या फाइलमध्ये मिसळू नका.

आणि की-एररचा संदेश पायटेस्टच्या मॅचने तपासणार असाल, तर तो मजकूर रेग्युलर एक्सप्रेशन (खास चिन्हं असलेला, मजकूर जुळवायचा नमुना) म्हणून वाचला जातो. टपलचे कंस त्यात वेगळाच अर्थ घेतात, तेव्हा संदेश आधी एस्केप करून, म्हणजे चिन्हांचा खास अर्थ काढून, मगच मॅचला द्या.