गरम होतो म्हणजे कधी गरम होतो?

बाबू,

ट्रॅक्टर गरम होतो एवढं तू फोनवर सांगितलंस आणि लगेच विचारलंस, इंजिनाचं हेड (वरचं झाकण) उतरवायचं का? थांब जरा. मिस्त्र्याने पाना लावायच्या आधी मला एकाच प्रश्नाचं उत्तर पाहिजे. गरम होतो तो कधी? सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांत, उभ्या उभ्या? का रोटाव्हेटर लावून तासभर चालल्यावर? का रिकामी ट्रॉली घेऊन रस्त्याने जातानाही? अर्धं निदान इथेच होतं, आणि त्याला पैसा लागत नाही.

काम करता करता तापमानाचा काटा चढत असेल आणि बिनलोड ठेवल्यावर पाच-सात मिनिटांत उतरत असेल, तर इंजिन बहुधा चांगलं आहे. आतली उष्णता बाहेर जायला वाट नाही, इतकंच. थंड इंजिन चालू केल्या केल्या काटा पळत असेल, तर पाणी कमी आहे, नाही तर फिरत नाही. पाणी रोज कमी होतं पण खाली ठिपकाही दिसत नाही, हे तिसरं प्रकरण. त्याकडे नंतर येतो. आणि काटा लाल पट्टीत असूनही रेडिएटर हाताला कोमट लागत असेल, तर आधी मीटरची वायर आणि सेन्सर तपास. जुन्या ट्रॅक्टरचं मीटर खोटं बोलतं.

तू म्हणालास, हिवाळ्यात बरा चालत होता, मग आताच काय झालं? झालं काही नाही, आधीचंच उघडं पडलं. रेडिएटरमधलं पाणी ९५ अंशांवर आहे असं धर. जानेवारीच्या दुपारी बाहेर ३० असतं, म्हणजे फरक ६५ चा. आता बाहेर ४५, फरक उरला ५०. रेडिएटर तोच, पंखा तोच, पण उष्णता फेकायची ताकद जवळपास चौथाईने कमी झाली. अर्धी जाळी बुजलेला रेडिएटर थंडीत निभावून नेतो, उन्हाळवाहीत नाही.

म्हणून पहिलं काम जाळीचं. समोरची लोखंडी जाळी काढ आणि आत बघ. सोयाबीनचं कुटार वरून दिसतं, ते हातानेही निघतं. खरा त्रास पऱ्हाटीच्या वावराचा. रोटाव्हेटर फिरला की बोंडात राहिलेल्या कापसाचे तंतू उडतात, पंखा ते ओढून घेतो, त्यावर काळ्या मातीची धूळ बसते, आणि कुठे ऑईल पाझरत असेल तर त्या सगळ्याचा नमद्यासारखा थर होतो. तो समोरून दिसतच नाही, रेडिएटरच्या बारीक पत्र्यांच्या आत बसलेला असतो. संध्याकाळी अंधार पडल्यावर इंजिन बंद करून पंख्याच्या बाजूने टॉर्च लाव आणि समोरून पाहा. जिथून उजेड येत नाही तिथून हवाही येत नाही.

धुताना इंजिनाकडून समोरच्या बाजूला पाणी मार. पंखा समोरून हवा ओढतो, म्हणजे घाण समोरून आत गेली आहे. ती उलट्या वाटेनेच निघेल. समोरून पाणी मारशील तर अजून आत ठासली जाईल. सर्व्हिसिंगवाल्याचा प्रेशर पंप जवळ धरू नकोस, पत्रे आडवे होतात, मग कायमची हवा बंद. तेलकट थर असेल तर कपडे धुण्याच्या पावडरचं पाणी शिंपून अर्धा तास ठेव आणि साध्या नळीने धू.

त्याच वेळी पंख्याचा पट्टा बघ. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबला की दहा-बारा मिलिमीटर जावा. पट्टा पुलीच्या तळाला टेकला असेल, आतल्या कडा काचेसारख्या चमकत असतील, तर ताण देऊन उपयोग नाही, बदलून टाक. पंख्याभोवतीचं कव्हर पुष्कळ जण आडवं येतं म्हणून काढून फेकतात. तुझ्या ट्रॅक्टरवर आहे का? नसेल तर पंखा जाळीतून हवा ओढायचं सोडून आजूबाजूचीच गरम हवा घुसळत बसतो.

आता पाण्याचं. तुझं गाव दर्यापूरकडचं, म्हणजे खारपाणपट्ट्यातलं. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांत बोअरचं पाणी कसं असतं हे तुला मी सांगायला नको. जे पाणी आपण पीत नाही ते इंजिनाला पाजतो. पाणी उडून जातं, क्षार आत राहतात. पुन्हा ओततो, पुन्हा राहतात. आतल्या भिंतीवर पांढरा-तांबूस थर चढतो आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या एकेक करून बंद होतात. रेडिएटरचं झाकण उघडून (थंड असताना!) आत बोट फिरव. खरखरीत लागलं, गंजाचा गाळ आला, तर बाहेरून कितीही धू, फरक पडायचा नाही.

ओळखायची दुसरी खूण अशी: कामावरून आल्यावर इंजिन बंद कर आणि हात जपत रेडिएटरच्या पुढून वरपासून खालपर्यंत अंदाज घे. सगळीकडे गरम आणि मधेच एखादा पट्टा थंड लागला, तर तिथल्या नळ्या बुजल्या. जुना पितळी रेडिएटर असेल तर रेडिएटरवाला टाकी उघडून सळईने नळ्या साफ करून देतो. ॲल्युमिनियमचा असेल तर कोणाला त्यात कॉस्टिक सोडा किंवा ॲसिड टाकू देऊ नकोस. पाणी काढताना रेडिएटरच्या तोटीबरोबर इंजिन ब्लॉकचा पाणी काढायचा बोल्टही उघड, नाही तर खालचा गाळ तिथेच राहतो. नंतर भरायचं ते कूलंट आणि बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणी (ॲसिड नव्हे), निम्मं-निम्मं. महाग वाटेल. हेडचं फेसिंग त्याहून महाग आहे.

थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह. तुझ्या मिस्त्र्याने तो काढून ठेवलाय म्हणतोस. आपल्याकडे ही खोडच आहे. काही इंजिनांत थर्मोस्टॅट काढला की पाणी रेडिएटरकडे न जाता बायपासनेच फिरत राहतं, म्हणजे गरम व्हायचं थांबत नाहीच. आणि थंडीत इंजिन तापत नाही, डिझेल जास्त लागतं, रिंगा लवकर घासतात. आधी तपास. त्याच्यावर अंशांचा आकडा कोरलेला असतो. दोरीला बांधून पातेल्यातल्या पाण्यात लोंबकळता ठेव, तळाला टेकू देऊ नकोस, पाणी तापव आणि शेजारी थर्मामीटर धर. त्या आकड्याच्या आसपास उघडायला लागला आणि उकळी येईपर्यंत पुरता उघडला, तर परत बसव.

रेडिएटरचं झाकण ही लहान गोष्ट समजू नकोस. त्यावर ०.९ (बार) लिहिलेलं असेल तर त्या दाबाखाली साधं पाणीही ११८ अंशांच्या आसपास उकळतं. रबर चिरलं किंवा स्प्रिंग मेली की तेच पाणी १०० ला उकळून बाहेर. नवीन घेताना तोच आकडा माग. गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही, फडकं गुंडाळूनही नाही. आणि तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं की हेड तडकतं. पट्टा तुटला किंवा पाणीच संपलं असेल तर लगेच बंद कर. एरवी लोड काढून स्लो रेसवर थोडा वेळ चालू दे.

राहिलं गुपचूप पाणी जाणं. वॉटर बॉडीच्या (पाण्याच्या पंपाच्या) खालच्या छिद्राजवळ ओल किंवा वाळलेला पांढरा ओघळ आहे का ते पाहा. असेल तर सील गेलं. नसेल तर सकाळी थंड इंजिनाचं झाकण काढून काठोकाठ पाणी भर आणि चालू कर. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येतील, ती आत अडकलेली हवा. पण बुडबुडे थांबेचनात, रेस दिल्यावर वाढले, किंवा डिपस्टिकवरचं ऑईल दुधट दिसलं, तर हेडखालचं गॅस्केट गेलं. तेव्हा हेड उतरव, त्याआधी नाही.

अजून एक, राग मानू नकोस. अठरा एचपीच्या ट्रॅक्टरला पाच फुटी रोटाव्हेटर भाऊजींकडून मागून आणलास, हे मला तुझ्या आईकडून कळलं. वरचं सगळं चोख असलं तरी तो तापणारच. लहान रोटाव्हेटर लाव, गिअर एक खाली घे, दुपारी बारा ते चार वावर सोड.

जाळी धुऊन, पट्टा पाहून झालं की त्याच वावरात, त्याच गिअरमध्ये तासभर चालव. मग मला तीन गोष्टी कळव: काटा कुठे थांबला, वरच्या आणि खालच्या होज पाईपच्या गरमीत किती फरक वाटला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी किती कमी झालं.

तुझा,
काका