जाळी धरून ओरडणारा तो स्ट्रायकर: रशीदी येकिनी

१९९४च्या वर्ल्ड कपमधला, गोलच्या जाळीत दोन्ही हात खुपसून ओरडणारा नायजेरियाचा खेळाडू कोण आणि त्या एका गोलनंतर तो गेला कुठे, असं तुम्ही विचारलंय. तो रशीदी येकिनी. मात्र त्याला 'एका गोलचा खेळाडू' म्हणणं मला अजिबात पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२१ जून १९९४, डॅलस, समोर बल्गेरिया. नायजेरियाचा हा पहिलाच वर्ल्ड कप आणि त्यातला पहिलाच सामना. २१व्या मिनिटाला उजवीकडून फिनिडी जॉर्जने चेंडू आत दिला आणि येकिनीने तो अगदी जवळून जाळ्यात ढकलला. वर्ल्ड कपमधला देशाचा पहिला गोल! तो धावत थेट जाळीपाशी गेला. सामना नायजेरियाने ३-० असा जिंकला, आणि याच बल्गेरियाने पुढे उपांत्य फेरी गाठली, हेही विसरू नका.

त्या दिवशी येकिनी ३० वर्षांचा होता. म्हणजे कारकिर्दीचा मोठा भाग तोवर होऊन गेला होता. कादुनात जन्मलेला हा मुलगा इबादानच्या शूटिंग स्टार्सकडून १९८४मध्ये आफ्रिकन चॅम्पियन्स कपची फायनल खेळला. मग अबिओला बेब्स, नंतर आयव्हरी कोस्टमधल्या अबिजानचा आफ्रिका स्पोर्ट्स हा क्लब. युरोपात पोचायला १९९० उजाडलं, आणि क्लब तरी कुठला, तर पोर्तुगालमधल्या बंदराच्या गावचा व्हितोरिया सेतुबल. संघ खालच्या लीगमध्ये घसरला तरी येकिनी तिथेच राहिला, गोलांचा धडाका लावून संघाला परत वर आणलं आणि १९९३-९४मध्ये २१ गोल करून पोर्तुगालच्या अव्वल लीगमध्ये पहिला आला. बेनफिका, पोर्तो, स्पोर्टिंग या तिथल्या बड्या क्लबांच्या स्ट्रायकरांना मागे टाकून! माझ्या मते त्याची खरी कमाई ही आहे.

१९९३चा आफ्रिकेचा सर्वोत्तम फुटबॉलपटूही तोच. हा मान मिळवणारा पहिला नायजेरियन. पुढच्याच वर्षी ट्युनिशियात नायजेरियाने आफ्रिका कप जिंकला, त्यात सर्वाधिक ५ गोल येकिनीचे. देशासाठी एकूण ३७.

मग नंतर काय बिनसलं? वर्ल्ड कपनंतर तो ग्रीसमधल्या ऑलिंपियाकोसला गेला, तिथून स्पेनमधल्या स्पोर्टिंग गिहोनला, आणि दोन्हीकडे जम बसला नाही. येकिनी हा पेनल्टी बॉक्समधला, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीत खेळणारा स्ट्रायकर. धिप्पाड, वेगवान, जोरकस फटक्याचा. पण चेंडू त्याच्यापर्यंत पोचवावा लागे. सेतुबलमध्ये सगळा खेळच त्याच्यासाठी रचलेला असे, नायजेरियाकडे फिनिडी आणि अमुनिकेसारखे विंगर, म्हणजे कडेने धावून चेंडू आत देणारे खेळाडू होते. नव्या क्लबांत तशी साथ मिळाली नाही, शिवाय वयही तिशीपार गेलेलं. तरी १९९८च्या वर्ल्ड कपच्या संघात ३४व्या वर्षी त्याची निवड झालीच.

शेवटची वर्षं मात्र वाईट गेली. खेळ सोडल्यावर तो इबादानमध्ये एकटा, लोकांपासून दूर राहत असे. मानसिक आजाराच्या बातम्याही आल्या. मे २०१२मध्ये तो गेला, जेमतेम ४८ वर्षांचा. ज्या माणसाने देशाला इतकं दिलं, त्याच्या पडत्या काळात फुटबॉल संघटनेने वेळीच हात द्यायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

त्या वर्ल्ड कपचे व्हिडिओ शोधणारच असाल, तर १९९३-९४च्या मोसमातले सेतुबलचे गोलही जरूर बघा. जाळीच्या फोटोत न दिसणारा येकिनी तिथे सापडेल.