कॉलेजच्या थ्रिलर फिल्मची पहिली दोन मिनिटं कशी आखावीत आणि त्यांचं विश्लेषण कसं लिहावं?

तुमच्या प्रश्नातली कल्पना वाचली. रात्र, जंगल, हुडीवाला माणूस, पळणारी मुलगी, मग काळा पडदा आणि 'तीन दिवसांपूर्वी'. नाउमेद करत नाही, पण आमच्या ग्रुपची पहिली कल्पना शब्दशः हीच होती. जंगल म्हणून पन्हाळ्याच्या वाटेवरची झाडी, हुडी माझी. हॉस्टेलवर पोरांना दाखवलं तर ती हसली, आणि एकानं विचारलं, "ती पळतीया कशाला पण?" आमच्या पाचजणांत कुणाकडेच उत्तर नव्हतं.

नुसतं पळणारं माणूस बघून धाकधूक होत नाही. पडद्यावरच्या माणसाला जे ठाऊक नाही, ते बघणाऱ्याला आधी कळलं की होते. थ्रिलरचा उस्ताद दिग्दर्शक हिचकॉक टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण द्यायचा ते याचसाठी. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. तो ठेवलेला आधी दाखवला तर टेबलावरच्या फालतू गप्पासुद्धा पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून ऐकतो.

आमचा दुसरा प्रयत्न गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर झाला. कोल्हापूरच्या बाहेरच्यांसाठी सांगतो, इथं म्हशी दारात उभ्या असतात आणि तुमच्यासमोर धार काढून फेसाळ धारोष्ण दूध ग्लासात मिळतं. कथा एवढीच: एक माणूस दोन ग्लास सांगतो. एक स्वतः पितो. दुसऱ्यात, कुणाचं लक्ष नाही बघून, एक गोळी टाकतो आणि पैसे देऊन निघून जातो. ज्याच्यासाठी ग्लास ठेवलाय तो येतच नाही. येतो तालमीतून सुटलेला एक पोरगा, आणि त्याला वाटतं हा ग्लास आपलाच. तो उचलतो, तिथं फिल्मचं नाव येतं. विषाची गोळी हा जुनाच डाव आहे, मान्य. पण इथं घड्याळाचं काम फेसानं केलं. गोळी पडली तिथं फेसाला खड्डा पडतो, आणि फेस हळूहळू खाली बसत जातो. त्या ग्लासाचा एकच शॉट आम्ही बावीस सेकंद धरला. मागं अंधुक माणसं येतात-जातात, एवढंच. (गोळी म्हणजे खडीसाखरेचा खडा होता, काळजी नसावी.)

आखणी करताना आम्ही वहीत पाच रकाने पाडले: सेकंद, चित्र, आवाज, बघणाऱ्याला काय कळलं, पात्राला काय कळलं. शेवटचे दोन रकाने ज्या शॉटला सारखे निघाले तो शॉट सुस्त. असे सहा शॉट कागदावरच मेले, त्यात माझा लाडका महाद्वार रोडचा शॉटही गेला. चित्रकला येत नाही म्हणून स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉटवार काढलेली कच्ची चित्रं, टाळू नका. चित्रकार-दिग्दर्शक बाबूराव पेंटरांच्या गावात राहून हे सांगायला लाज वाटते, पण आमच्या स्टोरीबोर्डातली म्हैस कुत्र्यासारखी दिसत होती. तरी कॅमेरा म्हशीच्या कुठल्या अंगाला राहणार हे त्यावरून सगळ्यांना कळलं, आणि काम झालं.

कागदावर न दिसलेली अडचण फेसाचीच निघाली. प्रत्येक टेकला फेस ताजा लागतो, म्हणजे दूध नवं, आणि म्हैस एका वेळेला देणार तेवढंच देणार. मी दोनदा "थांबा, कट" म्हणालो तेव्हा मालक म्हणाले, "कट म्हटल्यावर थांबाय ती काय हिरॉईन हाय व्हय?" पैलवान म्हणून घेतलेला मित्राचा धाकटा भाऊ खरोखरच तालमीतला, तो टेकमागून टेक ग्लास रिकामा करायचा. खर्चाच्या हिशोबात आम्हाला 'दूध, २१ ग्लास' असं लिहावं लागलं. तेव्हा तुमच्या सीनमध्ये वितळणारी, जळणारी किंवा निवणारी वस्तू असेल तर तिचे शॉट सगळ्यात आधी घ्या, चेहरे नंतर.

मोबाइलवर शूट करणार असाल तर एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवा. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची. ट्यूबलाइटखाली सेकंदाला ३० फ्रेमवर शूट केलं की चित्रात पट्टे सरकताना दिसू शकतात. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (जिथं सेटिंग हातानं बदलता येतं) २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा, एक्स्पोजर (चित्राचा उजेड) लॉक करा. आवाज वेगळ्या फोनवर, जवळून. रिकाम्या भांड्यात धार पडते तेव्हा तिचा आवाज टणटणीत असतो, भांडं भरत जातं तसा दबका होतो. आमच्या सुरुवातीला संगीत नाही, ती धारच आहे, आणि ती थांबते तेव्हा माणूस खिशात हात घालतो. शिवाय जागेचा नुसता आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड करून घ्या; एडिटिंगला कट लपवताना तोच उपयोगी पडतो.

आता विश्लेषण. बहुतेक जण 'लो अँगलमुळे (कॅमेरा खालून वर बघतो त्यामुळे) भीती निर्माण होते' असली वाक्यं लिहितात. ती कुठल्याही फिल्मला चिकटवता येतात, म्हणून मार्कही तसेच पडतात. त्यापेक्षा मोजा. आमच्या जंगलात दोन मिनिटांत ४१ शॉट होते, म्हणजे शॉटला तीन सेकंदसुद्धा नाहीत. कट्ट्यावर १४, सरासरी साडेआठ सेकंद. घाई केली की ताण वाढतो ही आमची समजूत होती. आकडे शेजारी ठेवल्यावर ती फुटली. तुलनेला ऑर्सन वेल्सच्या १९५८च्या 'टच ऑफ ईव्हिल'ची सुरुवात घ्या. गाडीच्या डिकीत टाइमबॉम्ब ठेवताना आपण बघतो, आणि मग तीन मिनिटांहून जास्त वेळ एकही कट नाही. गाडी रमतगमत सरहद्दीकडं जाते, लोक रस्ता ओलांडतात, आपण मात्र डिकीकडंच बघत बसतो. तुमच्या फिल्ममधली 'डिकी' कुठली, एवढं एक पान जरी नीट लिहिलंत तरी पुष्कळ.

आणि दाखवाल तेव्हा कथा माहीत नसलेल्या माणसाला दाखवा. एकदा आवाज बंद करून, एकदा चालू ठेवून. मध्ये काही समजावून सांगू नका. तो जे प्रश्न विचारेल ते त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या आणि विश्लेषणात तसेच टाका. जंगलातली पळापळ शूट करून झाली असेल तर तीही डिलीट करू नका. आम्ही दोन्ही सुरुवाती जोडून दिल्या होत्या, आणि तोंडी परीक्षेत सरांनी सगळे प्रश्न त्या फसलेल्या सुरुवातीवरच विचारले.