हातोडीने टाच का ठोकली?

प्रश्न : माझं वय ४६. दोन महिने कंबर दुखतेय आणि कळ डाव्या मांडीच्या मागून पोटरीत, तिथून पावलाच्या करंगळीपर्यंत जाते. एमआरआयमध्ये दोन ठिकाणी गादी सरकलेली दिसली. तरीही डॉक्टरांनी हातोडीने माझे गुडघे, टाचा आणि कोपरंसुद्धा ठोकली, तळव्यावरून किल्ली ओढली. 'डाव्या टाचेचा झटका येत नाही,' एवढंच म्हणाले. तेव्हापासून झोप उडालीय. पाय लुळा पडेल का? आणि एमआरआय असताना हे कशासाठी?

उत्तर : आधी भीतीबद्दल. झटका न येणं म्हणजे लकवा नव्हे. तुमची एक नस दबलीय आणि निरोप नीट पोचवत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ.

टाचेमागच्या जाड शिरेवर, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेला बांधणाऱ्या दोरीवर, हातोडी पडली की पोटरीचा स्नायू क्षणभर ताणला जातो. ती खबर नसेतून मज्जारज्जूत जाते आणि मेंदूची वाट न बघता तिथूनच 'आखड' असा हुकूम परत येतो. टाचेसाठी ही ये-जा मुख्यतः एस-१ या नसेच्या मुळातून होते (एस म्हणजे कंबरेखालचं त्रिकास्थी), गुडघ्यासाठी एल-३ आणि एल-४ मधून (एल म्हणजे कंबरेचे मणके). तुमची उजवी टाच उडते, डावी उडत नाही आणि कळ करंगळीकडे जाते. या सगळ्या खुणा डाव्या एस-१ कडेच बोट दाखवतात. मग एमआरआयमधल्या दोन गाद्यांपैकी दोषी कोणती, हे बरंच स्पष्ट होतं. हे महत्त्वाचं आहे, कारण काहीही न दुखणाऱ्या माणसांच्या एमआरआयमध्येही सरकलेल्या गाद्या सर्रास दिसतात. चित्रात गादी दिसते, पण तिचा त्रास होतोय का हे चित्र सांगत नाही. गुडघ्याच्या झटक्याबद्दल अर्ब आणि वेस्टफाल या जर्मन डॉक्टरांनी १८७५ साली लिहिलं. एवढी जुनी तपासणी मी आजही एकाही रुग्णाची चुकवत नाही.

मात्र झटका एकट्याने वाचायचा नसतो, डावं-उजवं ताडून बघायचं असतं. दोन्ही टाचांचा झटका येत नसेल तर ते वयामुळे किंवा मधुमेहामुळेही असू शकतं. काही जण इतके आखडून बसतात की काहीच उडत नाही. त्यांना मी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांगते आणि त्याच क्षणी ठोकते. लपलेला झटका पुष्कळदा तेव्हा दिसतो. शिवाय एल-५ या मुळासाठी भरवशाचा झटकाच नाही. तिथे पायाचा अंगठा माझ्या बोटाविरुद्ध वर उचलायला लावून ताकद बघावी लागते.

आता कोपरं. मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो, खाली उरतो नसांचा जुडगा. त्यामुळे कंबरेच्या खालच्या गादीमुळे झटका मंदावतो, कधीच वाढत नाही. पायांचे झटके जास्त उसळत असतील तर दोष वर कुठेतरी, पाठीत किंवा मानेत शोधायचा. एक बाई माझ्याकडे कंबरेचा एमआरआय घेऊन आल्या होत्या. चालताना पाय जड होतात, ही तक्रार. गुडघ्यावर हलकंच ठोकलं तर पाय टेबलावरून सटकन पुढे गेला, दोनदा थरथरला. मी विचारलं, शर्टाची बटणं लावता येतात का? त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, सहा महिने मुलगी लावून देते. त्यांचा मज्जारज्जू मानेत दबला होता. कंबरेवर कितीही उपचार केले असते तरी हात सुधारले नसते. म्हणून कंबर दुखणाऱ्याची कोपरंही ठोकायची : पुढून सी-५, सी-६ ही मानेतल्या नसांची मुळं कळतात, मागून सी-७. किल्लीही त्यासाठीच. तळवा खरवडल्यावर मोठ्या माणसाचा अंगठा खाली वळतो. वर गेला तर मज्जारज्जू किंवा मेंदूकडे बघावं लागतं. बाबिन्स्की या फ्रेंच डॉक्टरांनी ही खूण १८९६ मध्ये सांगितली. तुमचा अंगठा कुठे वळला, हे पुढच्या भेटीत जरूर विचारा.

तोवर घरी एक करा. भिंतीला हात टेकून एका पायावर उभं राहा आणि टाच दहा वेळा उचला. उजव्या पायाने जमतं आणि डाव्याने तीन-चारदाच, असं झालं तर आठवड्याच्या आत डॉक्टरांना दाखवा. लघवी अडली, शौचावर ताबा राहिला नाही किंवा जांघेत, बैठकीच्या जागी बधिरपणा आला तर रात्र असली तरी थांबू नका, थेट इस्पितळ गाठा.

आणि हो, कळ गेली, ताकद पूर्ण आली, तरी टाचेचा झटका पुष्कळांचा परत येत नाही. तसं झालं तर काळजी करू नका. पुढे कुणी नव्या डॉक्टरांनी तपासलं तर 'हा जुनाच आहे' एवढं त्यांना सांगा.