आधी खुर्चीतून ऊठ

चिरंजीव,

काल रात्री पाठवलेला रिपोर्ट पाहिला. एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांतली सरासरी साखर, ५.९. मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आणि खाली तुझा प्रश्न: ‘काका, मी तर बारीक आहे, रोज तासभर जिमला जातो, मग हे कसं?’ जिमनंतरचे दहा तास लॅपटॉपपुढे जातात, ते मात्र लिहिलं नाहीस.

बारीकपणाचं मला सांगू नकोस. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३, पण चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. युडकिन मॅरेथॉन धावणारे, आणि याज्ञिकांचा व्यायाम म्हणजे लिफ्टचं दार मिटायच्या आत धावणं, असं त्यांनीच गमतीत लिहिलं. आपण याज्ञिकांच्या रांगेतले. म्हणून ऊठ.

जेवणानंतरची साखर खपते ती मुख्यतः स्नायूंत. तिला आत घ्यायला इन्सुलिन लागतं, पण स्नायू हलता असला की तो इन्सुलिनवाचूनही साखर ओढतो. तू बसलास की हा रस्ता बंद. मग स्वादुपिंडाने जास्त जास्त इन्सुलिन ओतायचं, आणि स्नायूंनी त्याला कमी कमी जुमानायचं. रक्तातली चरबी उचलणारं एन्झाइमही बसल्या स्नायूत मंदावतं. सकाळचा एक तास हे सगळं दिवसभर कसं निस्तरणार? जिम सोडू नकोस, पण ऊठ!

मी एकतीस वर्षं कॅश काउंटरला बसलो. चहासुद्धा जागेवर यायचा. सेहेचाळिसाव्या वर्षी साखर निघाली, तेव्हा ‘मार्च एंड होऊ दे, मग चालतो’ म्हणालो. असे बरेच मार्च गेले. तेव्हा हे कुणाला ठाऊक होतं, असं मी काकूला सांगतो. पण लंडनच्या दुमजली बसमध्ये बसून असणाऱ्या ड्रायव्हरांना जिने चढणाऱ्या कंडक्टरांपेक्षा हृदयविकार जास्त होतो, हे तिथल्या डॉ. मॉरिस यांनी १९५३ सालीच छापलं होतं. माझा जन्मही झाला नव्हता. कॅश उघडी टाकून उठता येत नव्हतं, एवढं मात्र खरं. तुझी कुठली कॅश उघडी आहे?

दर वीस-तीस मिनिटांनी दोन मिनिटं चाल. फोन आला की ऊठ. जेवलास की ऊठ. मी सोसायटीच्या मीटिंगलाही मध्येच उभा राहतो. सेक्रेटरींना वाटतं, हरकत घेतोय. वाटू दे.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासून घे, डॉक्टरांना दाखव. आणि रविवारी ये. गच्चीवर बोलू, तिथे खुर्च्या नाहीत.

तुझा काका