सात वर्षांच्या मुलीची दिवसा चड्डी ओली होते, औषध आहे का?

आहे, पण आधी बद्धकोष्ठ बघा. साठलेला मळ मूत्राशयावर दाबतो. पोट नीट साफ होऊ लागलं की बऱ्याच मुलांची गळती आपोआप कमी होते. लघवीची तपासणीही करून घ्या, जंतुसंसर्ग असेल तर उपचार वेगळा. शाळेतही दर दोन-तीन तासांनी लघवीला जायला सांगा (घाणेरड्या स्वच्छतागृहामुळे मुली तासन्‌तास दाबून ठेवतात, हे बाईंशी बोला).

एवढं करूनही घाईची लघवी थांबली नाही, तर डॉक्टर बहुधा ऑक्सिब्युटिनिन देतात. ते मूत्राशयाचं अवेळी आकुंचन कमी करतं. तोंड कोरडं पडतं, चेहरा लाल होतो आणि बद्धकोष्ठ वाढतं, म्हणजे मूळ दुखणंच! डेस्मोप्रेसिन रात्रीच्या ओल्या अंथरुणासाठी असतं, दिवसाच्या गळतीसाठी नाही. सतत थेंब-थेंब गळत असेल किंवा पाय अशक्त वाटत असतील तर थेट बालमूत्ररोगतज्ज्ञ गाठा.